त्रिकला विजेचे अचूक मोजमाप

पेडणे तालुक्यातील धारगळ येथे ११ डिसेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. अशा मोठ्या रुग्णालयाला, तसेच गावातील भातगिरणीला व बागायतीतील मोठ्या पंपाला लागणारी वीज त्रिकला, म्हणजे थ्री-फेज असते. तिचे मोजमाप कसे होते, हे ग्राहकाने समजून घेणे हिताचे आहे.

तिन्ही फेजवर भार समान असेल, तर एका फेजची शक्ती मोजून तिला तिनाने गुणले तरी हिशेब जुळतो. व्यवहारात असे क्वचितच घडते. समजा, प्रत्येक फेजवर २३० व्होल्ट दाब आहे. लाल फेजवर पंप २० अँपिअर प्रवाह घेतो व त्याचा शक्तिगुणक ०.८ आहे. पिवळ्या फेजवर १० व निळ्या फेजवर ४ अँपिअर प्रवाह असून तेथे शक्तिगुणक १ आहे. दाब, प्रवाह व शक्तिगुणक यांचा गुणाकार केल्यास अनुक्रमे ३६८०, २३०० व ९२० वॅट येतात. एकूण शक्ती ६९०० वॅट होय. केवळ लाल फेज मोजून तिप्पट केली, तर ११०४० वॅट येतील व ग्राहकावर अन्याय होईल. निळ्या फेजची तिप्पट २७६० वॅट भरेल व नुकसान वीज खात्याचे होईल.

फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे ब्लाँदेल यांनी १८९३ मध्ये याविषयीचा नियम मांडला. जितक्या तारा, त्याहून एक कमी वॅटमापक पुरेसा असतो. म्हणून तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारांसाठी तीन मापक लागतात. न्यूट्रल नसलेल्या तीन तारांच्या मोटारीस दोन मापक पुरतात, मग भार कितीही विषम असो. चार तारांच्या थ्री-फेज मीटरमध्ये असे तीन घटक एकत्र बसविलेले असतात व त्यांची बेरीज आपोआप होते. मात्र प्रत्येक घटकास एकाच फेजचा दाब व प्रवाह मिळाला पाहिजे. जोडणी चुकल्यास उत्तम मीटरही चुकीचा आकडा दाखवितो.

मीटर बरोबर असला, तरी विषम भार निर्धोक ठरत नाही. अशा वेळी न्यूट्रल तार तुटल्यास कमी भाराच्या फेजवरील दाब वाढून उपकरणे जळू शकतात. यास्तव ग्राहकांनी परवानाधारक तारतंत्रीकडून भार तिन्ही फेजवर शक्य तितका समान वाटून घ्यावा. मीटरविषयी शंका असल्यास तो स्वतः न उघडता वीज खात्याकडे तपासणीसाठी लेखी अर्ज करावा.