तुरीच्या मुळांवरील गांठी

देशावरील शेतकरी ज्वारीच्या कांहीं ओळींनंतर तुरीची ओळ पेरतो. ही चाल फार जुनी आहे. तुरीचें रान पुढील पिकास मानवतें हें वाडवडिलांस ठाऊक होतें. पण तें कां, हें त्यांस सांगतां येत नव्हतें. तें कारण हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं सन १८८६ मध्यें दाखवून दिलें.

हवेच्या शंभर भागांत सुमारें ७८ भाग नत्र आहे. परंतु कोणतेंही झाड तें स्वतः हवेंतून घेऊं शकत नाहीं. तूर, मूग, हरभरा यांच्या मुळांवर बारीक गांठी येतात. त्यांत रायझोबियम नांवाचे जंतु राहतात. झाड त्यांस साखर पुरवितें. जंतु झाडास नत्र देतात. फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड हळूच खणून काढा व गांठ नखानें फोडा. आंत गुलाबी दिसल्यास जंतु कामावर आहेत असें समजा.

हे जंतु पाकिटांत विकत मिळतात. २५० ग्रॅमचें पाकीट सामान्यतः दहा ते पंधरा किलो बियाण्यास पुरतें. गूळ पाण्यांत उकळून तें पाणी थंड होऊं द्यावें, त्यांत जंतु कालवून बियाण्यास हलक्या हातानें लावावे, बियाणें सावलींत सुकवावें व त्याच दिवशीं पेरावें. जंतु सजीव आहेत, हें विसरूं नये. तापलेल्या पत्र्याखालीं ठेवलेल्या पाकिटांत ते मरून जातात. मग दोष पाकिटास देऊन काय उपयोग? बुरशीचें औषध लावणें असल्यास तें आधीं, जंतु शेवटीं. हरभऱ्याचे जंतु तुरीस चालत नाहींत, व ज्वारीच्या मुळांवर अशा गांठी येतच नाहींत. यास्तव ज्यास वाचतां येतें त्यानें पाकिटावरील पिकाचें नांव व मुदत शेजाऱ्यास वाचून दाखवावी.

युरिया द्यावयाचा तो ज्वारीच्या ओळींसच द्यावा. आयतें नत्र मिळालें म्हणजे तुरीच्या मुळांवर गांठी कमी धरतात.

आतां मुख्य गोष्ट. त्याच हंगामांत ज्वारीस तुरीकडून फारसें नत्र मिळत नाहीं. तूर आपलें बरेंच नत्र हवेंतून मिळविते, म्हणून जमिनींतील नत्रास ज्वारीबरोबर कमी वांटेकरी होते, इतकेंच. खरा लाभ गळलेला पाला व मुळें कुजल्यावर पुढील पिकास होतो. शेंगांबरोबर पुष्कळ नत्र घरीं येतें. त्यांत पालाही जाळला आणि तुराट्या मुळांसकट उपटून चुलींत घातल्या, तर रानास काय उरलें? तुराट्या कापून न्याव्या, मुळें जमिनींत राहूं द्यावीं. खतासाठीं कर्ज काढणाऱ्यानें ही शिल्लक जाळूं नये.

प्रश्न :
१. गांठ आंतून गुलाबी असणें हें कशाचें चिन्ह आहे?
२. जंतु लावलेलें बियाणें उन्हांत कां वाळवूं नये?
३. जंतूंवांचून चार ओळी शेजारींच पेरल्यास आपणांस काय कळेल?