हिवाळ्यातली कुत्री : हळू हात, शांत आवाज

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की आपल्या सगळ्या गटांवर दत्तजयंतीचे निरोप सुरू होतात. कोणाकडे पारायण, कोणाकडे प्रसाद, पोळ्या किती लागतील. नेमकी त्याच दिवसांत इकडे ग्वाल्हेरला खरी थंडी पडू लागते. महाराजांच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून या महिन्याच्या अभ्यासाला कुत्र्यांचाच विषय घ्यावा असं आम्हा लष्कर भागातल्या सेवेकरी बायकांना वाटलं. गेली काही वर्षं आम्ही पाच-सहा जणी गल्लीतल्या कुत्र्यांचं आणि परिवारातल्या घरच्या कुत्र्यांचंही थोडंफार बघतो. जनावरांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं आणि आम्ही डोळ्यांनी जे पाहिलं, तेच इथे लिहितो आहोत.

पहिल्यांदा एक गोष्ट. नामदेवमहाराजांची पोळी कुत्र्याने पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा आपण मुलांना दर वर्षी सांगतो. भाव फार मोठा आहे. पण आपण मात्र वाटी घेऊन धावू नये, बरं का! मागे धावणारा माणूस दिसला की कुत्रं आणखी पळतं किंवा उलटून गुरगुरतं. आपण वाटी खाली ठेवायची आणि चार पावलं मागे सरकायचं. थंडीतल्या कुत्र्याची सगळी सेवा या मागे सरकण्यातून सुरू होते. ते आधीच आखडलेलं असतं, त्याची झोप अर्धवट झालेली असते, अंग दुखत असतं. अशा जिवाला आपली घाई, मोठा आवाज आणि एकदम घातलेला हात सोसत नाही.

कुत्र्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट. त्यामुळे हात लावला की ते नेहमी कोमटच लागतं आणि लोक म्हणतात, "याला काही थंडी नाही, अंग गरम आहे की!" अंगावर केस आहेत म्हणून थंडी वाजत नाही, हाही तसाच समज. दाट केसांचं, तरुण, धडधाकट कुत्रं बऱ्यापैकी निभावून नेतं. पण पिल्लं, म्हातारी कुत्री, आजारी, रोडावलेली, आखूड केसांची आणि खरूज होऊन केस गळलेली कुत्री यांना पारा ७ अंशांच्या खाली गेला की फार त्रास होतो. ग्वाल्हेरला पौषात असे दिवस बरेच येतात, आणि धुकं पडलं की दुपारीही ऊन नसतं. इंदूरला थंडी थोडी कमी. वडोदरा, हैदराबाद, बेळगावच्या मंडळींना पेंढ्याचा भाग तितका लागणार नाही. गोव्याच्या भगिनी तर हसतील. पण म्हाताऱ्या कुत्र्यांचं आणि खाण्याचं जे पुढे लिहिलं आहे, ते सगळीकडे लागू आहे.

आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "आमचा कापतोय, काय करू?" कापणं दिसलं की आपण लगेच रजाई आणायला धावतो. पण कुत्रं थंडीने कापतं, भीतीने कापतं, दुखण्याने कापतं आणि तापानेही कापतं. म्हणून आधी दोन मिनिटं गप्प बसून बघावं. अंगाचं वेटोळं केलंय, नाक शेपटीखाली घातलंय, चालताना एकेक पाय उचलून धरतंय, तर थंडी. कोरड्या जागी नेऊन पांघरूण घातलं की अर्ध्या तासात ते स्थिरावतं. कापतंय आणि त्याच वेळी तोंड उघडून धापा टाकतंय, कोपऱ्यात किंवा पलंगाखाली शिरतंय, तर बहुतेक भीती. इकडे देवउठनी ग्यारस झाली की लग्नांचे बँड आणि आतषबाजी सुरू होते, ती मधूनमधून नव्या वर्षापर्यंत चालते. अशा वेळी त्याला पलंगाखालून ओढून काढू नये. ती त्याने स्वतः निवडलेली जागा आहे. खिडकी लावावी, पडदा ओढावा, आणि आपण जवळ बसून आपलं नेहमीचं काम करावं. भाजी निवडावी, जपाची माळ ओढावी. घाबरलेल्याला जवळ घेतलं तर ते आणखी घाबरट होतं, असं काही जण सांगतात. तसं होत नाही. ते आपणहून जवळ आलं तर खुशाल कुरवाळावं.

हात लावल्यावर कळवळलं, खाणं सोडलं, पाठ कमानीसारखी झाली, तर तो दुखण्याचा कंप. तिथे रजाईचा उपयोग नाही, डॉक्टरकडे न्यावं. आणि सर्वांत भयंकर म्हणजे गारठलेलं कुत्रं कापायचं थांबतं, सुस्त होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात. लोकांना वाटतं, झोप लागली. ती झोप नसते, अंग थंड पडत चाललेलं असतं. त्याला हळूहळू ऊब द्यायची. ओलं असेल तर आधी कोरडं पुसायचं, मग कोमट पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून छातीच्या आणि पोटाच्या कडेला ठेवायच्या आणि डॉक्टरांना फोन करायचा. शेकोटीच्या पुढ्यात टाकायचं नाही, हीटरला चिकटवायचं नाही. सुन्न झालेल्या कातडीला चटका कळत नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून तर माणसांनीही झोपू नये, तो धूर न दिसताच जीव घेतो.

आता म्हाताऱ्या कुत्र्यांकडे येतो, कारण आपल्या परिवारात ती पुष्कळ आहेत. मुलं शाळेत असताना आणलेली कुत्री मुलं पुण्या-बंगळुरूला गेल्यावर आजी-आजोबांजवळ राहतात, आणि तीही आजोबाच झालेली असतात. गेल्या पौषात अशाच एका घरी तेरा वर्षांचा मोती सकाळी उठेना. घरातल्यांना वाटलं हट्ट करतोय. पट्टा धरून ओढलं तर आयुष्यात पहिल्यांदा गुरगुरला. "आता चावरा झाला, याला वाड्याच्या मागच्या बाजूला बांधा, नाहीतर कोणाला तरी देऊन टाका," इथपर्यंत बोलणं गेलं. घरात लहान नातू, त्यामुळे त्यांची काळजीही खोटी नव्हती. आम्ही दोघी गेलो आणि एवढंच म्हटलं, की आधी डॉक्टरांना दाखवा, मग काय ते ठरवा. डॉक्टरांनी मागच्या पायांचे सांधे तपासले. संधिवात निघाला. रात्रभर थंड फरशीवर पडल्याने सांधे आखडायचे आणि तशात पट्ट्याचा हिसका बसायचा. तो बिचारा "दुखतंय" एवढंच म्हणत होता.

त्या घराने मग काय केलं ते सांगतो, कारण त्यात खर्च फारसा नाही. लाकडी पाटावर जुनी गादी घालून अंथरूण जमिनीपासून उचललं. त्याच्या अंथरुणापासून दारापर्यंत गुळगुळीत फरशीवर गोणपाटाच्या पट्ट्या टाकल्या, म्हणजे पाय घसरत नाहीत. सकाळी त्याला कोणी उठवत नाही. आजोबा चहा घेऊन जवळ बसतात, कोमट टॉवेलने कंबर शेकतात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी तो आपला आपण उठतो. फिरणं ऊन पडल्यावर, थोडं थोडं, दोनदा. डॉक्टरांनी दिलेलं औषध नेमाने. नातवाला एकच नियम, झोपलेल्या मोतीला हात लावायचा नाही, आधी लांबून नावाने हाक मारायची. म्हाताऱ्या कुत्र्यांना ऐकू कमी येतं, एकदम हात पडला की ती दचकून तोंड घालतात. मोती यंदाही घरातच आहे.

एक मात्र फार कळकळीने सांगतो. आपल्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्रुफेन आपल्याला साध्या वाटतात, कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंड त्याने खराब होऊ शकतं. सर्दी दिसली म्हणून छातीला विक्स चोळणं, कापूर घातलेलं तेल लावणं, हेही नको. ते चाटतं आणि कापूर त्याला विषासारखा बाधतो. आणि प्रत्येक वाहतं नाक सर्दी नसते. डोळ्यांतून, नाकातून घट्ट पिवळा स्राव, खोकला, ताप, पुढे अंगाला झटके, असं दिसलं तर तो डिस्टेंपर असू शकतो. हा रोग एकाचा दुसऱ्याला फार लवकर होतो. लस आधीच दिलेली असेल तर बचाव होतो, एकदा रोग झाला की डॉक्टरांच्याही हातात थोडंच उरतं.

खाण्याचं. बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला हिवाळ्यात थोडं जास्त लागतं, ऊब राखण्यातच त्याची ताकद जाते. घरातलं कुत्रं मात्र या दिवसांत कमी हिंडतं, त्याला जास्त दिलं तर ते नुसतं फुगतं आणि सांध्यांवर भार येतो. हिवाळा म्हणजे आपल्याकडे डिंकाचे लाडू, गाजराचा हलवा, तिळगूळ. यातला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहे, थोडासुद्धा चालत नाही. कांदा-लसणाची फोडणी असलेली खिचडीही नको. साधा भात, पोळी, हळद घातलेलं पातळ वरण, ज्यांच्याकडे चालतं त्यांनी उकडलेलं अंडं, सगळं कोमट. पाणी दोनदा बदलावं, थंडीत ती कमी पितात म्हणून भांडं तसंच शिळं ठेवू नये. आंघोळ महिन्यातून एखादी पुरे, तीही दुपारच्या उन्हात आणि मुळापर्यंत कोरडं करता येणार असेल तरच. नाहीतर ओल्या फडक्याने पुसून घ्यावं.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी आम्ही सुरुवातीपासून एकच धरून आहोत, कोरडी जागा. दयाळू लोक जुनी चादर, स्वेटर टाकतात. रात्री दव पडतं, चादर भिजते, आणि पहाटे तेच कुत्रं ओल्या कापडावर बसून जास्त गारठतं. त्यापेक्षा भाताचा पेंढा उत्तम, ज्याला इकडे पुआल म्हणतात. डबऱ्याकडे भातशेती असल्याने तो इथे सहज मिळतो. पोत्यात सैलसर भरावा किंवा खोक्यात मोकळा पसरावा. गव्हाचा बारीक भुसा नको, तो नाका-डोळ्यांत जातो. खोकं दोन विटांवर ठेवायचं, तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि आकार बेताचा. फार मोठं खोकं त्याच्या अंगच्या उबेने तापत नाही. अंगात कपडा घालायचाच असेल तर रोज काढून बघणारा एक माणूस ठरलेला असावा. भिजलेला, काचणारा कपडा नसलेलाच बरा.

याच महिन्यांत गल्लोगल्ली पिल्लं होतात. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, आई आणि भावंडं हीच त्यांची रजाई. आई दिसत नाही म्हणून लगेच पिल्लं उचलू नयेत. ती खायला गेलेली असते. दोन-तीन तास लांबून लक्ष ठेवावं, तिने निवडलेल्या जागेलाच आडोसा करावा. खरोखर पोरकं झालेलं, गार पडलेलं पिल्लू मिळालं, तर आधी ऊब आणि मग दूध, हा क्रम उलटू नये. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, जबरदस्तीने पाजलं तर छातीत जातं. पाजायचं तेही पोटावर ठेवून, माणसाच्या बाळासारखं उताणं धरून नाही. गाईचं दूध त्यांना फारसं मानवत नाही, पिल्लांसाठीची वेगळी पावडर औषधाच्या दुकानात विचारावी.

शेजाऱ्यांशी भांडण मात्र करू नका. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते तेही आपलेच आहेत. २०२३ च्या केंद्राच्या नियमांतही असंच आहे, की खायला घालण्याची जागा जिने, इमारतीचं दार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी आणि वेळ मुलं-वृद्ध वावरत नसतील अशी निवडावी. नसबंदी आणि रेबीजची लस झालेली कुत्री गल्लीत असली की निम्मी भांडणं मिटतात, म्हणून त्यासाठी नगर निगमकडे पाठपुरावा करणं हीही सेवाच. आणि चावलं किंवा दातांचा ओरखडा जरी आला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्यायची. हळद-तिखट भरत बसायचं नाही.

दत्तजयंतीच्या आधीच्या रविवारी आम्ही पोती भरणार आहोत. ग्वाल्हेरच्या मंडळींनी घरची रिकामी पोती गटावर कळवावीत, मुलांनाही पाठवावं. संक्रांतीनंतर पेंढा एकदा बदलायचा आणि महाशिवरात्रीच्या सुमारास सगळा काढून झाडांच्या आळ्यात घालायचा. उचलण्याआधी आत हात न घालता काठीने हळूच बाजूला सारून बघा, एखाद्या आईने तिथेच पिल्लं दिलेली असतात.