महापौर युसुफ मेहेरअली

कोल्हापूर शहरातील शिवाजी चौकात शिवछत्रपतींचा पुतळा उभा आहे. त्या जागी पूर्वी विल्सन नावाच्या इंग्रज गव्हर्नराचा पुतळा होता. 1942 साली जयाबाई हविरे व भागीरथीबाई तांबट या दोन धीट स्त्रियांनी तो विद्रूप केला आणि 1945 साली तेथे छत्रपतींचा पुतळा बसविण्यात आला. हे धैर्य लोकांच्या अंगी एकाएकी आले नव्हते. 1942 च्या ऑगस्टपासून 'चले जाव' ही घोषणा गावोगाव दुमदुमत होती. तिचे मूळ इंग्रजी शब्द 'क्विट इंडिया'. ते ज्यांनी सुचविले असे सांगतात, ते युसुफ मेहेरअली त्या वेळी मुंबईचे महापौर होते.

युसुफ यांचा जन्म 23 सप्टेंबर 1903 रोजी मुंबईत एका सधन घराण्यात झाला. त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. परंतु राजकीय चळवळीत भाग घेतल्यामुळे त्यांना वकिली करू दिली गेली नाही. 1928 साली सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरले. हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा विचार करण्यासाठी आलेल्या या मंडळात एकही हिंदी सभासद नव्हता. तेव्हा 'सायमन, परत जा' अशी गर्जना करीत युसुफ व त्यांचे तरुण सोबती बंदरावर गेले. पोलिसांच्या लाठ्या त्यांनी सोसल्या, पण माघार घेतली नाही. पुढे सत्याग्रहांत त्यांना वारंवार कारावास घडला.

1942 साली मुंबईच्या नगरपित्यांनी त्यांना महापौर निवडले. त्याआधी ते लाहोरच्या तुरुंगात होते! वय अवघे अडतीस वर्षांचे. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. मार्च महिन्यात जपानने रंगून घेतले होते आणि मुंबईवर केव्हा बाँब पडतील, याची धास्ती नागरिकांना वाटत होती. महापौरपद हे मोठ्या मानाचे. परंतु युसुफ त्या मानात रमले नाहीत. संकटकाळी नगराने स्वतःच्या बळावर उभे राहावे, म्हणून त्यांनी लोकांचे स्वयंसेवक दल उभारले.

8 ऑगस्ट रोजी गवालिया टँक मैदानावरील काँग्रेस महासमितीच्या बैठकीत 'चले जाव'चा ठराव संमत झाला. दुसऱ्याच दिवशी पहाटेपासून पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली आणि नगराचा हा प्रथम नागरिक पुन्हा बंदिवान झाला.

तुरुंगात त्यांना हृदयविकाराने ग्रासले. सरकारने त्यांना मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलविण्याची तयारी दाखविली. युसुफ यांनी विचारले, की आजारी असलेल्या दुसऱ्या दोन राजबंद्यांनाही हीच सवलत मिळेल काय? सरकारने नकार देताच त्यांनीही ती सवलत नाकारली. सर्वांना न मिळणारे सुख एकट्याने भोगणे त्यांच्या मनाला मानवले नाही.

देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला. परंतु प्रकृती खालावतच गेली आणि 2 जुलै 1950 रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 साली युसुफ मेहेरअली सेंटर ही संस्था स्थापन केली. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळील तारा या गावी ग्रामीण जनतेसाठी आरोग्यसेवा, शिक्षण व ग्रामोद्योग यांचे कार्य तिने उभे केले.

महापौरपदावर युसुफ काही महिनेच काम करू शकले. पदामुळे माणसाला मान मिळतो खरा. पण काही थोड्या माणसांमुळे पदालाच मान मिळतो. युसुफ मेहेरअली हे अशांपैकी एक होते.