आरोग्य पाठ : फुफ्फुसातील गाठ



उसाच्या पानावर ठिपका दिसला म्हणून आपण लगेच फड मोडत नाही. ठिपका कसला, तो वाढतो का, हे आधी बघतो. छातीच्या स्कॅनमध्ये दिसणाऱ्या गाठीचेही तसेच आहे. मस्तगडचे कोणी सभासद रिपोर्ट घेऊन भेटले, की आम्हाला पहिला प्रश्न एकच असतो : "कॅन्सर तर नाही ना?"

तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गोल डागाला डॉक्टर गाठ म्हणतात. ज्वारीच्या दाण्याएवढ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. आपल्याकडे पुष्कळदा तो बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण असतो. त्यात चुना साठतो. बुरशीचा संसर्ग, दगडाची किंवा ओतकामातील वाळूची धूळ यांनीही गाठी होतात. बुरसलेल्या बगॅसची धूळही फुफ्फुसाला बाधते. तिथे मास्क लावूनच काम करावे.

काही गाठी मात्र कॅन्सरच्या निघतात. विडी-सिगारेटची सवय, उतारवय, गाठ आठ मिलिमीटरहून मोठी, कडा वेड्यावाकड्या, असे असेल तर ढिलाई नको.

मग करायचे काय?

१) जुने एक्स-रे, स्कॅन जपून ठेवा. गाठ वाढली की तशीच आहे, हे त्यावरूनच कळते.

२) दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजनात घट किंवा थुंकीतून रक्त असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. क्षयाची तपासणी व औषधे तिथे मोफत आहेत.

३) विडी आजच सोडा.

डॉक्टरांनी पुन्हा स्कॅनची तारीख दिली, तर ऊसतोडीच्या गडबडीत ती चुकवू नका. तोड चार दिवस मागेपुढे होईल. वाढती गाठ थांबत नाही.