पहिली स्कूटर
शहरांत रोज जाण्यायेण्यासाठीं पहिली स्कूटर घेतांना ती किती धांवते याहून ती कशी थांबते, हें आधीं पाहावें. आसनावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीस टेकले पाहिजेत. ताशीं ४० किलोमीटर वेगानें ती एका सेकंदांत ११ मीटर जाते. संकट दिसून ब्रेक दाबेपर्यंत तेवढें अंतर सहज सरतें. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लावल्यानंतरचें अंतर चौपट होतें. ओल्या रस्त्यावर त्याहूनही अधिक. म्हणून पुढील वाहनापासून अंतर राखावें, दोन्ही ब्रेक एकदम पण हलकेच दाबावे, शिरस्त्राणाचा पट्टा आवळून बांधावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें ५० घनसेंटिमीटरांवरील इंजिनाच्या स्कूटरीस १८ वर्षें वय पूर्ण लागतें. तोंवर धीर धरणें, हाच पहिला धडा होय.