कॉफी हाऊस कुणाचे?

(द्वितीय वर्ष, कला)

कॉफी हाऊसविषयी जे लिहिले जाते ते बहुधा तेथे बसणाऱ्यांनी लिहिलेले असते. कोणता कवी कोणत्या टेबलाशी बसे, कोणत्या मासिकाची कल्पना कोणत्या कोपऱ्यात निघाली, एका कपावर किती तास निघत, याची वर्णने पुष्कळ सापडतात. तो कप आणून ठेवणारा माणूस मात्र त्यात क्वचितच दिसतो. प्रस्तुत लेखात 'इंडियन कॉफी हाऊस'चा इतिहास त्याच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

या इतिहासाचा आरंभ आपल्या मुंबईत आहे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले व दक्षिणेतील मळेवाल्यांचा माल परदेशी खपेना. तेव्हा १९३५ साली कायद्याने कॉफीवर उपकर बसवून त्या पैशातून देशातच गिऱ्हाईक तयार करावे असे ठरले. कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये चर्चगेट येथे पहिले 'इंडिया कॉफी हाऊस' उघडले. म्हणजे ही संस्था बुद्धिवंतांच्या चर्चेसाठी नव्हे, तर पडून राहिलेला माल खपविण्यासाठी जन्माला आली! पुढे कारभार कॉफी बोर्डाकडे गेला आणि १९४० च्या दशकात देशभर सुमारे ५० कॉफी हाऊसे झाली.

त्यांत सर्वांत गाजले ते कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील. ज्या अल्बर्ट हॉलमध्ये ते १९४२ साली सुरू झाले, तो हॉल १८७६ चा. १८८३ साली सुरेंद्रनाथ बॅनर्जींची राष्ट्रीय परिषद तेथेच भरली होती. प्रेसिडेन्सी कॉलेज समोरच असल्यामुळे विद्यार्थ्यांचा राबता मोठा. अमर्त्य सेन हेही त्यांपैकीच. तेथील गप्पांना बंगाली लोक 'अड्डा' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द जुगार आणि दारू यांनाच लागतो, आणि बंगाल्यांना त्याचा अभिमान! असो.

१९५० नंतरच्या दशकात बोर्डाचे धोरण बदलले व कॉफी हाऊसे बंद करण्याचा निर्णय झाला. वेटर, आचारी, कपबशा धुणारे यांच्यावर बेकारी आली. मला या इतिहासातील खरा प्रसंग हाच वाटतो. कम्युनिस्ट खासदार ए. के. गोपालन यांनी या कामगारांना सांगितले, की नोकरी मागण्यापेक्षा कॉफी हाऊसच ताब्यात मागा. कामगारांनी सहकारी सोसायट्या काढल्या. बंगलोरची १९ ऑगस्ट १९५७ रोजी आणि दिल्लीची त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सुरू झाली. ८ मार्च १९५८ रोजी केरळात त्रिचूरचे कॉफी हाऊस उघडले. पाटीवरील 'इंडिया'चे 'इंडियन' झाले. बसणाऱ्यांनाही त्यांचे श्रेय दिले पाहिजे. कलकत्त्याचे कॉफी हाऊस १९५८ मध्ये बंद पडले, तेव्हा प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला आणि ते त्याच वर्षी पुन्हा उघडले.

माझे वडील एस. टी. स्टँडजवळच्या एका हॉटेलात बावीस वर्षे काम करीत आहेत. मध्यंतरी मालक बदलला तेव्हा सहा माणसे कमी झाली. त्यांना कुणी विचारलेही नाही. ही हकीगत मी वडिलांना वाचून दाखविली. कवी आणि प्राध्यापक यांच्याविषयी ते काही बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मग गल्ल्यावर कोण बसतं?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना सोसायटीची घडण समजली. कामगार हेच सभासद. ते आपल्यातूनच व्यवस्थापक मंडळ निवडतात आणि कारभार त्या मंडळाच्या हाती असतो. खानदेशात सहकार म्हटला की साखर कारखाना किंवा दूध डेअरी आठवते, आणि तेथे सभासद म्हणजे शेतकरी. राबणारा कामगार हा तेथेही नोकरच. कॉफी हाऊसच्या सोसायटीत सभासद आणि कामगार एकच. पांढरा पोशाख, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर तुरेदार फेटा हा साहेबी काळातला वेश मात्र मालक झाल्यावरही त्यांनी उतरविला नाही. वडिलांना ते पटले नाही. मला त्यात ऐट दिसते.

हे सर्व सुरळीत चालले असे नाही. दिल्लीत कनॉट प्लेसचे कॉफी हाऊस आणीबाणीत, १९७६ साली, पाडून टाकण्यात आले. पुढे ते मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर थाटावे लागले. एका कपावर चार तास बसू द्यायचे आणि पगारही वेळेवर करायचा, हे गणित सोपे नाही. गिऱ्हाइकाला उठवायचे नाही ही रीत कवींना गोड वाटते. तिचा खर्च वेटरच्या वाट्यातून निघतो.

तरीही देशात अशा १३ सोसायट्या असून त्यांची सुमारे ४०० कॉफी हाऊसे आहेत. त्यांपैकी जबलपूरची सोसायटी आपल्याला त्यातल्या त्यात जवळची. भुसावळहून इटारसीमार्गे गाडी थेट तेथे जाते. परीक्षा संपल्यावर वडिलांना घेऊन जाण्याचा विचार आहे. गल्ल्यावर कोण बसतो ते त्यांनी स्वतःच पाहावे.