कर्ता, क्रियापद आणि परिचारिकेची नोंद

यवतमाळ जिल्ह्यांतील वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा इकडील खेड्यांतून मराठी शाळेंत शिकलेल्या मुली परिचर्येचें शिक्षण घेण्यास जातात. तेथें पुस्तकें इंग्रजी, आणि रुग्णाची नोंदही इंग्रजींत लिहावी लागते. अशा भगिनींस कर्ता व क्रियापद ह्यांच्या मेळाविषयीं चार शब्द सांगावे असें आम्हांस वाटतें.

नियम लहानच आहे. ज्याविषयीं बोलावयाचें तो कर्ता एक असल्यास 'इज', 'वॉज', 'हॅज'. अनेक असल्यास 'आर', 'वेअर', 'हॅव'. मग चूक कां होते? पुष्कळदां ती आपल्या मराठीच्या संवयीमुळें होते.

पहिली संवय कर्मणि प्रयोगाची. 'परिचारिकेनें गोळी दिली', 'परिचारिकेनें गोळ्या दिल्या', ह्या वाक्यांत क्रियापद कर्त्याकडे न पाहतां कर्माच्या मागें जातें. तोच कान घेऊन विद्यार्थिनी 'द नर्स हॅव गिव्हन टू टॅब्लेट्स' असें लिहिते, कारण गोळ्या दोन! पण इंग्रजी क्रियापद कर्त्याचेंच ऐकतें. देणारी एक, म्हणून 'द नर्स हॅज गिव्हन टू टॅब्लेट्स' हेंच शुद्ध. गोळ्यांसच कर्त्याची जागा दिली, तर मात्र 'टू टॅब्लेट्स वेअर गिव्हन' असें होईल.

दुसरी संवय आदरार्थी बहुवचनाची. एकाच डॉक्टरांविषयीं आपण 'डॉक्टर आले आहेत' असें म्हणतों. इंग्रजी क्रियापद असा मान दाखवीत नाहीं. 'द डॉक्टर हॅज कम' असें लिहिल्यानें कोणाचा अनादर होत नाहीं.

तिसरी अडचण मध्येंच येऊन बसणाऱ्या नामाची. 'द स्वेलिंग ऑफ द फीट इज लेस' ह्यांत पाय दोन असले, तरी कमी झाली ती सूज, आणि ती एकवचनी. मापाचेंही तसेंच. 'फाइव्ह हंड्रेड मिलिलिटर्स ऑफ सलाइन वॉज गिव्हन' येथें सर्व मिळून एकच माप. 'टू बॉटल्स वेअर गिव्हन' येथें बाटल्या मोजून दोन. 'मीझल्स', 'डायबेटीस' हीं नांवें 'स'कारान्त असलीं, तरी रोग एकच. तेथें 'इज' लिहावें.

कोणी म्हणेल, एवढ्यानें काय बिघडतें? समजा, रात्रपाळीच्या परिचारिकेनें 'टॅब्लेट वेअर गिव्हन' असें लिहून ठेवलें. सकाळीं येणारीनें काय समजावें? नाम एक सांगतें, क्रियापद अनेक सांगतें. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाहीं. रुग्ण तर झोंपलेला. अशा वेळीं तर्क करणें धोक्याचें. विचारूनच खात्री करावी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९-६० सालच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' ह्या पुस्तकांत रुग्णाच्या निरीक्षणास स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. पण डोळ्यांनीं नीट पाहिलेलें लेखणीनें नीट उतरलें नाहीं, तर तें पुढच्या परिचारिकेपर्यंत कसें पोहोंचावें?

यास्तव आमची सूचना अशी: गोळ्यांची संख्या नेहमीं स्पष्ट लिहावी. मग प्रत्येक क्रियापदाशीं थांबून 'हें कोणाविषयीं सांगितलें?' असा प्रश्न करावा. उत्तर येईल तो कर्ता. तो एक कीं अनेक हें पाहून क्रियापद ठरवावें. रोज पांच वाक्यें अशीं तपासलीं, तर महिन्याभरांत हात आपोआप वळेल.